पंपावरचं ओलं फडकं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. शेवटी नेत्याला, म्हणजे माझ्या दोस्ताला नेताजीला, फोन करून विचारलं, लिहू का. तो म्हणाला, "लिही. पण इंजिनचं पण लिही. तेवढं गाळून लिहिणार असशील तर राहू दे."

म्हणून सगळं लिहितोय. मला लिहायची सवय नाही. जसं आठवेल तसं.

"कंडक्टर! बेल मारा की!"

आण्णा गाडीत बसून ओरडत होते. आण्णा म्हणजे नेताजीचे वडील. तीस वर्षं एस्टीचे ड्रायव्हर. गाडी म्हणजे त्यांची स्वतःची पांढरी पद्मिनी, कोल्हापुरात त्यांच्या दारात उभी. किल्ली नेत्यानं पिठाच्या डब्यात लपवलेली, कारण दोन महिन्यांपूर्वी आण्णा एकटेच गाडी घेऊन गेले आणि घरचा रस्ता विसरले. तरी रोज संध्याकाळी ते स्टिअरिंग धरून बसायचे आणि डबल बेलची वाट बघायचे.

मी नेत्याकडं बघितलं.

"मार की लेका," तो म्हणाला. "त्यांना तू कंडक्टर वाटतोस. मी आज कोण हाय ते अजून कळलं न्हाई."

मी खिशातला पाना काढून दारावर दोनदा ठोकला. टिंग टिंग. आण्णांनी समाधानानं गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही, पण ते निघाले होते.

"कुठं निघालाय आण्णा?"

"वैभववाडीला. माघारी यायला उशीर होईल. घाटात थांबाय लागतंय."

वैभववाडी म्हणजे नेत्याच्या आईचं माहेर. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ती असताना दर सुट्टीत हे तिघं गाडी घेऊन खाली कोकणात जायचे, आणि परत येताना करूळचा घाट चढायला लागायचा. पद्मिनीचं जुनं पेट्रोल इंजिन, मे महिन्याचं ऊन. अर्ध्या घाटात पेट्रोलचा पंप तापायचा, पेट्रोल वर चढायचं नाही, गाडी आचके देऊन बंद. मग आण्णा झऱ्याच्या वळणावर थांबायचे, फडकं ओलं करायचे, पिळून पंपावर ठेवायचे. अर्धा तास. ती गार झाली की पुढं.

हे सगळं नेत्यानं मला शंभर वेळा सांगितलेलं. त्यातलं एक वाक्य तर मला पाठ होतं. प्रत्येक वेळी बॉनेट उघडताना आण्णा म्हणायचे, "एक दिवस हिच्यात दमदार इंजिन टाकतो आणि हा घाट एका दमात चढून दाखवतो."

त्या संध्याकाळी आण्णांना आत नेऊन बसवल्यावर नेत्या म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत, अजून सहा-आठ महिने बरे जातील. पुढचं सांगता येत न्हाई."

"मग?"

"मग काय. त्याच्या आत घाट चढायचा, अभ्या. एका दमात. त्यांना कळतंय तवर."

मी तेवीस वर्षांचा होतो. उद्यमनगरात पाटोळेकाकांकडं लेथवर काम करायचो. इंजिनचं कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघून आणि भंगारातली इंजिनं उघडून शिकलेलो. असलं काम कुणी आपल्या हातात देईल असं स्वप्नात पण नव्हतं. खरं सांगतो, मला तेव्हा आण्णा दिसलेच नाहीत. मला टर्बो दिसला.

मिरजेजवळच्या भंगारवाल्याकडं मागून चेपलेली एक व्हॅन मिळाली. पंधराशे सीसी डिझेल, टर्बो, गिअरबॉक्ससकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टर्बो म्हणजे इंजिनच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो आत जास्तीची हवा कोंबतो, गाडी खेचते. पासिंगचं काय केलं ते विचारू नका.

पद्मिनी शेडवर न्यायची त्या दिवशी मी जुन्या इंजिनचा व्हिडिओ काढला. आधी कशी होती, नंतर कशी झाली, असं दाखवायला. आण्णा पायरीवर बसलेले. गाडी सुरू झाली आणि त्यांनी मान वर केली.

"तिसऱ्याचं टॅपेट वाजतंय," ते म्हणाले.

खरंच, तिसऱ्या सिलिंडरच्या झडपेवरचं टॅपेट वाजत होतं. टकटक, टकटक. मी म्हणालो, "सेट करू का आण्णा? दहा मिनिटांचं काम."

"नको. वाजू दे. घरातली बाई गुणगुणत असली की घर जागं हाय असं वाटतंय का न्हाई? तसं ते."

नेत्या हसला. मी पण. व्हिडिओवर मग मी जोरदार गाणं चढवलं, आवाज बंद करून, आणि नेटवर टाकला. मोबाईल भरला होता म्हणून मूळचा उडवला.

हे लक्षात ठेवा.

पाटोळेकाकांच्या शेडमागं पत्र्याची खोली होती, तिथं काम चालायचं. दिवसभर लेथ, संध्याकाळी दोन-तीन तास गाडी. जुनं इंजिन चेन कुप्पीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, उचललं तेव्हा नेत्या खालून हात लावून उभा होता, जसं काय म्हातारं माणूस खाटेवरून उतरवतोय.

"हे ठेवायचं हं," तो म्हणाला. "ते आण्णांचं हाय. कोपऱ्यात पोत्याखाली ठेव."

ठेवलं.

नवीन इंजिन बसेना. पुढचा आडवा दांडा कापला, मागं सरकवून वेल्डिंग केला. आतला पत्रा हातोड्यानं ठोकून गिअरबॉक्सला जागा केली. इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंग मी लेथवर स्वतः केली, तीनदा चुकली. नेत्या रंगाच्या दुकानातून सुटला की यायचा, ग्राइंडर घेऊन बसायचा, आणि आण्णांच्या बातम्या द्यायचा. आज मला ओळखलं. आज न्हाई ओळखलं. आज आईला हाक मारत होते, इंदे, इंदे म्हणून.

"किती दिवस लागतील अजून?"

"होतंय की. घाई केली तर घाटात वाटोळं."

"मला घाटाची घाई न्हाई रे," तो म्हणायचा. "आण्णांची हाय."

जानेवारीत पाटोळेकाका आले आणि म्हणाले, "अभ्या, हा कोपरा मोकळा कर. उद्या माल येणार हाय." त्याच दिवशी शिरोलीच्या फाउंड्रीला वितळवायला बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं भंगार, नेणारा टेंपो दारात उभा होता. त्यात आमच्याकडचे फुटके ब्लॉक, जुन्या पुल्या भरत होते. मी कोपऱ्याकडं बघितलं. आम्ही दांडा कापलेला. ते इंजिन आता त्या गाडीत परत बसणारच नव्हतं. इंजिनचं काय, माझ्या डोक्यात आलं, ते लोखंड आहे.

"हे पण न्या," मी म्हणालो.

चौघांनी उचललं. मी स्वतः एका बाजूला धरलं होतं.

संध्याकाळी नेत्यानं विचारलं, "इंजिन कुठाय?"

"माझ्या मामाच्या गोडाऊनला टाकलंय. इथं जागा लागत होती."

"झाकलंयस न्हवं?"

"झाकलंय."

इतकंच. खोटं बोलायला फार काही लागत नाही.

फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. आवाज एकदम वेगळा, खर्जातला, आणि ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोची बारीक शिट्टी. रिंगरोडला नेली तर पद्मिनी पाठीला धक्का द्यायला लागली. नेत्यानं मला मिठी मारली, ग्रीससकट. मी त्याला एकच नियम सांगितला. जोरात चालवून आलास की लगेच बंद करायची नाही. एक मिनिट नुसती चालू ठेवायची, टर्बो गार होऊ द्यायचा. नाहीतर आतलं तेल जळतं, बेअरिंग जातं.

"म्हणजे हिला पण विसावा लागतोयच की," नेत्या म्हणाला.

मी हसलो. तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. नेत्या चालवायला, शेजारी आण्णा, मागं मी. आण्णांनी धुतलेला सदरा घातलेला, खांद्यावर टॉवेल. बसताना त्यांनी सीटवरून हात फिरवला. सीट जुनीच होती.

"ही आमच्यासारखीच हाय," ते म्हणाले. "आमची पण पांढरी."

नेत्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "होईल. घाटात ओळखतील."

गगनबावड्यापर्यंत आण्णा गप्प. घाट उतरताना पण गप्प. वैभववाडीत चहा घेतला. आणि परत फिरून घाटाच्या पायथ्याला आलो तसे आण्णा एकदम ताठ बसले. बाहेर बघायला लागले. ओठ हलत होते. वळणं मोजत होते ते.

"ओळखलं!" नेत्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "अभ्या, घाट ओळखला बघ त्यांनी. आण्णा, बघा आता. एका दमात!"

त्यानं गाडी दाबली. काय चढली ती! ट्रक मागं पडले. एक जीप मागं पडली. शिट्टी वाजतेय, काटा जागचा हलत नाही, टेंपरेचर बरोबर मध्ये. मी मागून ओरडत होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणीतरी आहे.

टक.

आण्णांनी डॅशबोर्डवर बोट वाकवून एकदा ठोकलं.

"काय आण्णा?"

टक. परत एकदा.

"एक बेल," मी मागून म्हणालो. "थांबा म्हणतायत." आणि आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. एस्टीत दोन बेल म्हणजे चला, एक बेल म्हणजे थांबा. आण्णा चेष्टा करतायत असंच वाटलं.

"आज थांबायचं न्हाई आण्णा!" नेत्या ओरडला. "आज टर्बो हाय!"

टक. टक. टक. प्रत्येक ठोक्यामध्ये जागा सोडून. एक बेल, परत एक बेल, परत एक बेल.

डाव्या हाताला झरा आला. कातळावरून पाण्याची बारीक धार, खाली शेवाळ. आला आणि गेला. आण्णा मान वळवून मागं बघत राहिले आणि मग त्यांनी दाराचा हँडल धरला.

नेत्यानं कचकन ब्रेक लावला. गाडी कडेला घेईपर्यंत आण्णा उतरले पण. नेत्या किल्लीकडं हात नेत होता आणि मी, मागच्या सीटवरून, त्याचा हात धरला.

"बंद करू नको! एक मिनिट. टर्बो गार होऊ दे."

हे मी बोललो. त्या वेळी. हेच बोललो.

आण्णांनी कानावर हात ठेवलेले. "कुणाची गाडी ही? मला कुठं नेताय? माझी गाडी कुठाय?"

"आण्णा, हीच आपली गाडी," नेत्या म्हणाला. "मी नेताजी. बघा माझ्याकडं."

"माझी गाडी खाली बसलीय. वळणावर. इंदू गाडीत हाय, पोरगं हाय. तुम्ही मला त्यांना सोडून आणलंसा!"

पोरगं त्यांच्यासमोर उभं होतं.

ते उताराला चालायला लागले. नेत्या मागं. मी एक मिनिट मोजलं, गाडी बंद केली आणि पळालो. झऱ्यापाशी पोचलो तर आण्णा खांद्यावरचा टॉवेल धारेखाली धरून उभे होते. भिजवला. पिळला. घडी घातली. सगळं हाताला पाठ होतं. मग रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "इंदे, उतर खाली. घावणं काढ. पोराला भूक लागली असंल. अर्धा तास हाय अजून."

आणि कठड्यावर बसले. मांडीवर ओला टॉवेल. शेजारी थोडी जागा सोडून.

नेत्या माझ्याकडं वळला. तो रडत नव्हता. त्याचा चेहरा कोरा पडला होता. हळू आवाजात म्हणाला, "आम्ही हितं जेवायचो अभ्या. आई हितं डबा उघडायची. आण्णा मला हितं आंघोळ घालायचे. ड्युटीतनं त्यांना आमच्यासंगं बसायला वेळ असा हितंच मिळायचा. गाडी बंद पडली की." मग म्हणाला, "आणि मी ते बंद पडणंच काढून टाकलं."

अर्धा तास आम्ही तिघं तिथं बसलो. मी वर जाऊन गाडी खाली आणली, पण आण्णा तिच्याकडं बघेनात. हात धरला की अंग चोरायचे. शेवटी खालून एक एस्टी आली. आण्णा उठले, सदरा खाली ओढला, हात केला. ड्रायव्हरनं काय ओळखलं कुणास ठाऊक, त्या वळणावर गाडी थांबवली.

आण्णा चढले. नेत्या त्यांच्या मागं. पायरीवरून आण्णांनी मला हाक मारली.

"कंडक्टर, एवढं पंपावर ठेव. मी पुढं होतो."

टॉवेल माझ्या हातात दिला आणि आत गेले. टिंग टिंग. त्यांनी खिडकीतून एकदा पण मागं बघितलं नाही. एस्टीत ते निवांत बसले होते.

मी टर्बो गाडी घेऊन त्या एस्टीच्या मागं निघालो. कोल्हापूरपर्यंत ओव्हरटेक केला नाही. ओला टॉवेल शेजारच्या सीटवर होता, जिथं आण्णा बसले होते. ठेवायला तो पंपच नव्हता.

संध्याकाळी नेत्या शेडवर आला. दारातच म्हणाला, "जुनं इंजिन परत टाकायचं. दांडा परत वेल्ड करू. महिना लागंल, लागू दे. उद्या टेंपो आणतो, तुझ्या मामाच्या गोडाऊनला जाऊन घेऊन येऊ."

मी पाना पुसत बसलो. पुसून झालेला पाना.

"अभ्या?"

"गोडाऊनला नाही ते."

"मग कुठाय?"

मी सांगितलं. टेंपो, फाउंड्री, चौघांनी उचललं ते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल."

शिरोलीत फाउंड्रीच्या आवारात सुपरवायझर चहा पीत उभा होता. आम्ही विचारल्यावर त्याला हसूच आलं, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "जानेवारीतलं? आम्ही हितं पंपाच्या बॉड्या ओततो. तुमचं इंजिन आता कुठल्यातरी विहिरीवर पाणी उपसत असंल की!"

नेत्यानं मान हलवली. ओळीनं मांडलेल्या नवीन बॉड्यांपैकी एकीवर त्यानं हात ठेवला. ताजी होती, गरम असणार, पण हात लगेच काढला नाही.

माझ्या मोटरसायकलवर बसताना म्हणाला, "दुसरं मिळंल. पद्मिनीची इंजिनं मिळत्यात. पण तो आवाज? ती टकटक?" मग एकदम वळला. "व्हिडिओ! तू काढलावतास. आवाज तरी हाय. आण्णांना ऐकवू."

मी मोबाईल काढला. लावला. पद्मिनी थरथरतेय, पायरीवर आण्णा मान वर करतायत, त्यांचे ओठ हलतायत. आणि वर माझं गाणं.

"गाणं काढ."

"निघत नाही. मूळचा उडवला मी."

त्यानं तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि चालत गेला. शिरोलीपासून घरापर्यंत चालत.

चार महिने बोलला नाही. मी रोज संध्याकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. आण्णा पायरीवर बसलेले दिसायचे. समोर चार फुटांवर पद्मिनी उभी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विचारायचे, "आमची गाडी दिसली का हो? पांढरी हाय. आवाजानं कळंल."

आषाढात आण्णा गेले. नेत्याचाच फोन आला. "अभ्या, ये." मी गेलो. त्यापुढं आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. नऊ वर्षं.

गाडी त्यानं विकली नाही. इंजिन अजून तेच आहे, टर्बो एकदा बदलला. गेल्या महिन्यात त्याच्या मामाकडं लग्न होतं, वैभववाडीला. येताना आम्ही दोघंच होतो. नेत्या चालवत होता. घाट लागला तसा म्हणाला, "परवा दुकानात रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवंना. पाच मिनिटं बघत उभा राहिलो त्याच्याकडं."

"मला पण आठवत नाही नावं. वय झालं तुझं."

"बत्तीस?"

"पोट बघ की. पन्नाशीचं दिसतंय."

हसला. पण दोन वळणं गेल्यावर परत म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, घराण्यात असतंय कधी कधी. असंलच असं न्हाई. असतंय."

मी टर्बोची शिट्टी ऐकत बसलो. झरा जवळ आला. त्यानं वेग कमी केला नाही, पण स्टिअरिंगवरचा एक हात काढून डॅशबोर्डवर बोट ठेवलं.

"अभ्या, एक सांग. माझं तसं झालं, आणि मी हितं एक बेल दिली, तर हसायचं न्हाई."

"नाही हसणार."

"गाडी दमली नसली तरी थांबायचं."

"थांबवीन. आणि चावी फिरवून लगेच बंद करीन. मिनिट मोजणार नाही."

"टर्बो जाईल."

"जाऊ दे. टॉवेल पण ओला करून पंपावर ठेवीन."

"डिझेलला कशाला ओला टॉवेल, येड्या?"

"ठेवीन," मी म्हणालो. "अर्धा तास."

त्यानं बोटानं ठोकलं. एकदा.